इठाबाईंची शाळा आणि सात दिवसांच्या खारी

करवंदवन नावाचं एक छान जंगल होतं. तिथे सगळे प्राणी मतदान करायचे आणि दर वेळी न चुकता गवा निवडून यायचा. जंगलात नाग फार, म्हणून जुन्या लोकांनी मुंगसांची एक शाळा काढली होती. विष उतरवणारं मूळ एकच असतं. हुबेहूब तसंच दिसणारी आठ मुळं मात्र सापापेक्षा लवकर मारतात. ती वासावरून ओळखायला सात पावसाळे लागायचे.

शिकवायला होत्या इठाबाई, एक म्हातारं मुंगूस. अलीकडे त्यांचं नाक दगा देऊ लागलं होतं. चंपा ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी. तिचे दोन पावसाळे राहिले होते. तेवढे पुरे होईपर्यंत नाक टिकावं आणि शाळेच्या अनुदानाची सरकारी अंडी चालू राहावीत, एवढीच बाईंची इच्छा होती.

एके दिवशी शिक्षणमंत्री तरसराव पाहणीला आले.

"बाई, गेल्या साली साप चावून किती मेले?"

"तीन."

"तिघांसाठी एवढी अंडी?"

"साहेब, शाळा आहे म्हणून तीन."

"यात राजकारण आणू नका," तरसराव म्हणाले, आणि अंडी बंद झाली. पुढे ती गव्याच्या वाढदिवसाला दिसली. गवा अंडी खात नाही, पण पाहुणे खातात.

शिकलेली मुंगसं पोटासाठी एकेक करून नदीपार गेली. पहिली गेली ती शेवंता, बाईंची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. मग सरकारला कळलं की जंगलात मुंगसं कमी पडताहेत. सरकार लगेच कामाला लागलं. खारीलाही शेपूट असते आणि तीही तुरुतुरु पळते, हे समितीच्या ध्यानात आलं. सात दिवसांचं प्रशिक्षण देऊन खारींना 'मुंगूसमित्र' नेमलं, गळ्यात बिल्ले अडकवले. साप चावला की आधी खारीकडेच जायचं, असा कायदा झाला.

त्यातली एक खार गुपचूप बाईंकडे आली. "बाई, खरं मूळ कोणतं ते तेवढं सांगा की. माझी नोकरी जाईल."

"तुझी नोकरी नाही गं जायची," बाई म्हणाल्या. "जीव जाईल, तोही दुसऱ्याचा."

आठवड्याभरात साप चावलेलं सशाचं पिल्लू खारीने दिलेल्या मुळाने गेलं. त्याची आई बाईंच्या दारात बसून राहिली, आणि बाईंना संताप अनावर झाला. चौकशी झाली. चावण्यापूर्वी नागाने पूर्वसूचना दिली नव्हती, असा ठपका ठेवून फाईल बंद झाली.

मग सरकारी कोठारात तोंड घालून चरताना खुद्द गव्यालाच नाग चावला. साठ मुंगूसमित्र मुळं घेऊन धावले. गवा अर्धमेला होता, पण शुद्धीवर होता.

"यांना लांब ठेवा," तो म्हणाला. "मला पलीकडे न्या. शेवंताकडे."

तराफ्यावरून त्याला नेलं. शेवंताने मूळ हुंगलं, चावून दिलं, आणि गवा उठून बसला. परतल्यावर जंगी सभा झाली.

"शेवंता कुणाची?" गव्याने विचारलं.

"आपली," जंगल ओरडलं.

"आपल्या मातीतली पोर परमुलखात जीव वाचवते! याला म्हणतात शिक्षण!"

इठाबाई उठल्या. "मग शाळा परत सुरू करा. चंपाचे दोनच पावसाळे राहिलेत."

"बाई, कशाला?" गवा मायेने म्हणाला. "पलीकडे तयार आहेत की आपली मुलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सशीणही टाळ्या वाजवत होती. ते पाहून बाई खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच चंपाला नदीवर सोडलं. "राहिलेलं शेवंताकडून शिक," म्हणाल्या, "आणि परत येऊ नकोस." चंपा रडली, बाईही रडल्या. तरसराव हार घेऊन आले होते, त्यांनी फोटो काढून घेतला.

आता करवंदवनात इलाजाची चोख व्यवस्था आहे. मंत्र्यांच्या दारात तराफा बांधलेला असतो, आणि बाकीच्यांच्या दारात खार.