सुरणाचा डोळा

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. एका रानाच्या कडेला कंदमुळं जाणणारी एक म्हातारी राहत होती. तिचा धाकटा भाऊ कोष्टी. दिवसभर मागावर बसून बसून त्याला मूळव्याध जडली होती. म्हातारी त्याला घशाला खाजू नये म्हणून चिंच घालून उकडलेलं सुरण ताकाबरोबर द्यायची, आणि त्या जोरावर वर्षभर त्याचा माग चालायचा.

सुरण काढायची तिची रीत ठरलेली होती. पान पिवळं पडून गळाल्याशिवाय कुदळ लावायची नाही, आणि गड्ड्याचा डोळा, म्हणजे कोंब फुटतो तो भाग, कापून त्याच खड्ड्यात परत पुरायचा. म्हणून रान कधी रिकामं झालं नाही.

एकदा तेच दुखणं राजाला झालं. राजवैद्याची चूर्णं, मात्रा, सगळं वाया गेलं. तेव्हा वैद्य गुपचूप म्हातारीकडे आला. तिनं हातचं काही न राखता सुरण दिलं, रीतही सांगितली. राजा बरा झाला. वैद्यानं मानाची शाल पांघरून घेतली आणि औषध आपलंच म्हणून सांगितलं. या माणसाला लाज कशी वाटली नाही, कोण जाणे.

लाज नाही, पण भीती वाटली. म्हातारी बोलली तर? सुरण दुसऱ्या कुणाकडे उरायलाच नको, म्हणून ऐन भाद्रपदात त्यानं रानात खणायला शिपाई घातले.

म्हातारी धावत आली. "वैद्यबुवा, पानं अजून हिरवी हायेत. गड्डे कच्चे हायेत, कुजतील. निदान डोळे तरी मातीत राहू द्या. माझा भाऊ यावरच तगलाय."

"रानातल्या बाईनं मला औषध शिकवायचं?" वैद्य म्हणाला. डोळ्यांसकट सगळं सुरण त्याच्या कोठारात गेलं.

आणि तिथं कुजलं. थंडीत राजाचं दुखणं उलटलं. घाबरलेल्या वैद्यानं उरलासुरला कच्चा गड्डा शिजवला, घाईत चिंचही घातली नाही. राजाचा घसा इतका सुजला की थुंकी गिळवेना.

शिपायांकडून रानातल्या म्हातारीचं कळलं, तेव्हा राजानं तिला बोलावलं. "महाराज, मागचं औषध माझं होतं. यंदा ते कुणाकडंच नाही, वैद्यबुवांनी सगळं कच्चंच खणून नेलं. शिपायांच्या नजरेतून सुटलेला एक डोळा सापडला, तो लावलाय. त्याचा गड्डा व्हायला तीन वर्षं लागतील."

"या वैद्याला काय शिक्षा देऊ?" राजानं कसंबसं विचारलं.

"चाबूक नको. याला वाड्याच्या दारात बसवा. सुरण मागायला येईल त्याला यानंच सांगायचं, औषध का नाही ते."

दुसऱ्या दिवशी पहिला माणूस आला तो काठी टेकत. तिचाच भाऊ होता. धोतरावर रक्ताचे डाग होते.

"माग बंद पडलाय, वैद्यबुवा. थोडं सुरण मिळेल का?"

म्हातारी समोरच उभी होती.

"सांगा त्याला," ती म्हणाली.

तात्पर्य: औषध एकट्याच्या मुठीत ठेवू पाहणारा ते सगळ्यांचंच घालवून बसतो, स्वतःचंसुद्धा.