भल्लकाच्या मागापुढचा दिवा

फार पूर्वी काशीदेशावर एक शांत स्वभावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व विणकरांच्या कुळात जन्मले. त्यांचे नाव सोमिल. पुष्कर नावाच्या श्रेष्ठीच्या मागशाळेत ते मुकादम होते.

मागशाळेत दोन रीती होत्या. मागावरचा ताणा, म्हणजे उभे सूत, संपत आला की नव्या ताण्याचे एकेक सूत जुन्या सुताच्या टोकाला पीळ देऊन सांधावे लागे. एकट्याने बसले तर दोन-दोन दिवस जात. म्हणून कोणाचा ताणा संपला की बाकीचे आपापले माग सोडून, बोटांना राख लावून, त्याच्याभोवती बसत. याचे वेगळे वेतन नव्हते, आणि कोणी ते मागितलेही नव्हते. दुसरी रीत दिव्याची. वर्षारंभी सकाळी श्रेष्ठीची आई प्रत्येक मागापुढे तेलाचा दिवा लावी. दिवा लागला, म्हणजे त्या घरची वर्षाची चूल पक्की.

आई वारली आणि पुष्करच्या मनात हाव शिरली. एके दिवशी तो सोमिलांना म्हणाला, "मुकादम, अर्धे माग बंद करायचे. उरलेले भीतीपोटी दुप्पट विणतील. कोणाला काढायचं ते तुम्ही सांगा."

"मालक, धंदा बुडतोय का?"

"बुडतोय कसला! वाढवायचाय."

सोमिलांच्या डोळ्यांपुढे घरची लहान लेकरे आली. तरी ते म्हणाले, "मग पहिलं नाव माझं घ्या. दुसरं माझ्या तोंडून निघायचं नाही."

पुष्कर हसला. "बरं झालं. सगळ्यांत जड वेतन तुमचंच होतं."

वर्षारंभ आला. पुष्कर स्वतः फिरकलाच नाही. नोकराला पाठवून त्याने अर्ध्याच मागांपुढे दिवे लावून घेतले. म्हातारा भल्लक आला. त्याला वाटले, वाऱ्याने आपला दिवा विझला असेल. पणती शोधली, सापडली नाही. मग शेजारच्या चंपिकेला म्हणाला, "पोरी, एखादी जास्तीची पणती असेल तर दे गं. तुझ्या ज्योतीवर लावून घेतो."

दारातून नोकर ओरडला, "अहो काका, तुमचा लावलाच नाही!"

बस, एवढेच. सारे आयुष्य ज्याने त्या मागावर वाकून काढले, त्याला सांगायला मालकाला तोंड नव्हते! दिवा विझवायचा तर फुंकर तरी मारावी लागते. इथे तेवढेही कष्ट कोणी घेतले नाहीत. भल्लकाने आडवे सूत ओवणारा आपला धोटा उपरण्याने पुसला, मागावर ठेवला आणि तो निघाला. त्याच दिवशी काम सुटलेले सोमिल त्याचा हात धरून चालले. नदीकाठी लव्हाळ्याच्या चटया विणून सोमिल घर चालवू लागले.

मागशाळेत पुष्कर उरलेल्यांना म्हणाला, "तुमचं भाग्य थोर, तुम्हाला ठेवलं!" काही दिवस धोटे सपासप धावले. अशातच राजवाड्यातून दानमंडपाच्या कापडी छताचे काम आले. आणि चंपिकेचा ताणा संपला.

तिने मागे वळून पाहिले. कोणी उठले नाही. जो उठेल त्याचे कापड कमी भरेल, आणि ज्याचे कापड कमी त्याचा पुढचा दिवा गेला, हे प्रत्येकाला ठाऊक होते. ती एकटी सांधत बसली. पुढे शेजारणीचा ताणा संपला तेव्हा चंपिकाही उठली नाही. घाईत मारलेले पीळ सुटू लागले. छत अर्ध्यावरच अडले.

पुष्कर संतापला. "मी तुम्हाला काढलं का? ठेवलं ना? मग जीव का लावत नाही?"

चंपिका उठून उभी राहिली. "मालक, काढलंत भल्लककाकांना, पण त्या दिवशी गेलो आम्ही सगळेच. हात तेवढे मागावर आहेत. मन कधीचं चपला घालून दाराशी बसलंय, आज माझी पाळी का उद्या, म्हणून."

पुष्कर तडक नदीकाठी गेला. "मुकादम, दुप्पट वेतन देतो. एकटे या, आणि त्यांना वळणावर आणा."

"एकट्याने येणार नाही," सोमिल म्हणाले. "मला वेतन नको. दिवा लावा आणि स्वतः भल्लककाकांच्या दारी न्या. मग बाकीच्यांच्या."

"मी? विणकराच्या दारात? नोकर पाठवतो."

"जाताना त्यांना नोकराच्याच तोंडून कळलं, मालक. येताना तरी तुमच्या तोंडून कळू दे."

पुष्कर तसाच माघारी वळला. मग घरी जाऊन त्याने आईची पणती काढली. तळव्याचा आडोसा करून तो विणकरांच्या गल्लीत शिरला, पण वाऱ्याने ज्योत गेलीच. विझलेली पणती घेऊन श्रेष्ठी भल्लकाच्या दारात उभा राहिला.

"काका, जरा विस्तव द्याल का?"

भल्लकाने त्याच्याकडे नीट पाहिले. "मीही त्या दिवशी हेच मागितलं होतं," तो म्हणाला, आणि चुलीतले जळते काटूक त्याने पणतीला लावले.

पुष्करला रडू फुटले. ती ज्योत घेऊन तो बाकीच्यांच्याही दारी गेला आणि तिनेच त्याने बंद मागांपुढचे दिवे लावले. सगळे परतले नाहीत. काही जण दूरच्या गावी गेले होते. त्यांच्या मागांपुढे दिवे नुसतेच जळले. राजाचा मंडपही दुसऱ्याच श्रेष्ठीच्या कापडाने सजला. पण चंपिकेचा ताणा पुन्हा संपला, तेव्हा भल्लक बोटांना राख लावून तिच्यापाशी येऊन बसला. मग सोमिल बसले. मग एकेक करून सगळी मागशाळा उठली.

एवढी पूर्वजन्माची कथा सांगून शास्ता भगवान थांबले. समोर सुदंत गृहपती बसला होता. त्याने तेलघाण्यावरची निम्मी माणसे काढली होती, आणि उरलेली मन लावत नाहीत, अशी तक्रार घेऊन तो आला होता. शास्ता म्हणाले, "त्या वेळी भल्लक होते ते आज विहारात पाणी भरणारे स्थविर धम्मिक. चंपिका म्हणजे उपासिका विशालिका. श्रेष्ठी तू होतास, गृहपती, आणि सोमिल मीच."

सुदंत उठला.

"घाण्यावर निघालास?"

"नाही, भगवन्. आधी काढलेल्या माणसांच्या घरी."

स्वतःची भाकर बाजूला सारून बोधिसत्त्वांनी जिची ज्योत राखली, ती ही मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता.