मधमाश्यांविरुद्धची सभा

डाळिंबाची झाडं बोलत होती त्या काळात आम्ही भुंगे एका बागेचे मानकरी होतो. आमचं काम म्हणजे पोटभर खाऊन गुणगुणणं. फुलांवर राबायला आम्ही दरवर्षी बहरापुरत्या मधमाश्या परदेशातून बोलावत असू. बहर संपला की त्या परत जात.

एका वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आलं की या परक्या माश्या आपलं काम पळवतात. आम्ही लगेच सभा भरवली. पाकळ्यांच्या सतरंज्या त्या माश्यांनीच अंथरल्या. त्यांना घालवून देण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला आणि त्या मुकाट्याने निघून गेल्या.

आठवडाभरात फुलं न फळताच गळू लागली. डाळिंबाचं झाड म्हणालं, "फळ धरलं नाही तर मालक बाग उपटून टाकील. कुणीतरी कामाला लागा."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्यात अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, आभार मानणारेही होते.

शेवटी अध्यक्ष गुंजाळराव स्वतः माश्यांना आणायला गेले. थोरल्या माशीने त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"येऊ की," ती म्हणाली. "फक्त आमच्याविरुद्धची पुढची सभा कधी आहे, तेवढं आधी सांगा. सतरंज्या अंथरायला दोघी-तिघींना मोकळं ठेवावं लागतं."