वाकलेलं कणीस

चीन देशात धान्याला अजून अक्षर नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. राजाने कुंचल्याला हुकूम दिला, "धान्याचं चिन्ह काढ." समोर राळ्याचं कणीस ठेवलं. दाण्यांनी भरलेलं, मान वाकलेली.

"ए, सरळ उभं राहा! दरबारात वाकडं चालत नाही," कुंचला गुरकावला.

"अरे मेल्या, अंगावर दाणे आहेत म्हणून मान वाकलीय. ताठ उभं राहतं ते फोल कणीस! शेताचा बांध तरी पाहिलास का कधी?"

पण शेंडीला शाई लागली की कोण कुणाचं ऐकतो! कुंचल्याने ताठ कणीस काढलं. ते चिन्ह बियाण्याच्या कोठारावर टांगलं. कोठारातले नोकर त्याहून शहाणे. चिन्हाशी ताडून त्यांनी ताठ कणसं बियाण्याला ठेवली आणि वाकलेली घोड्यांपुढे टाकली. काढलेलं चिन्ह खोटं कसं असेल, म्हणे!

पुढच्या साली पेरलं ते उगवलंच नाही. राज्यातल्या चुली विझल्या. फक्त एका म्हातारीच्या परसात राळा डुलत होता. घोड्यांपुढचं एक कणीस तिने उचलून आणून पेरलं होतं. तिच्याकडचं कणीस दरबारात आणलं.

कुंचला खाली बघत म्हणाला, "कणीसबाई, मान किती वाकवू?"

"दाण्यांच्या भाराने वाकते तेवढी."

कुंचल्याने निमूट वरची रेघ कलती काढली. चिनी लिपीत धान्याच्या अक्षराची ती रेघ आजही तशीच आहे.

राजा खूश झाला. "वा! आम्हाला मुजरा करतंय."

"मुजरा?" कणीस कडाडलं. "ही मान दाण्यांनी वाकलीय. तुझ्यापुढे नाही!"