भर दुपारी फुटलेला आवाज

फार फार वर्षांमागची गोष्ट. नदीच्या वळणावर एक गाव होतं, गावात एक लहानशी मशीद होती आणि त्या मशिदीत मुनव्वर नावाचे एक इमाम होते. माणूस सज्जन, कुणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारा. त्यात अल्लाहने गळा असा गोड दिला होता, की ते कुरआन पढू लागले की नदीतले नावाडीसुद्धा वल्ही थांबवायचे.

लोक वाहवा करायचे. आता वाहवा कुणाला कडू लागते, सांगा! हळूहळू इमामसाहेब गळ्याला भलतेच जपू लागले. भर उन्हाळ्यात मानेला रुमाल, तोंडात ज्येष्ठमधाची काडी. घरात लोणच्याला बंदी. बायको खैरुन बिचारी कैरीची फोड पदराआड लपवून खायची.

पहाटेची नमाज पढवून घरी आले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "अगं, आज आवाज कसा लागला? इथवर आला का?"

"आला की," खैरुन भाकरी थापता थापता म्हणायची. "पण अहो, मला ऐकू आला काय न आला काय! ज्याच्यासाठी पढता, त्याला मनातलंही ऐकू येतं."

"जाऊ दे. तुला गळ्यातलं काही कळत नाही," असं म्हणून ते रुसून बसायचे.

आजूबाजूच्या गावांची मिळून एक ईदगाह होती. तिथे इमामसाहेबांच्या अब्बांनी हयातभर ईदची नमाज पढवली होती. ते गेल्यावर तो मान दुसऱ्या गावच्या एका म्हाताऱ्या मौलवींकडे गेला. आता तेही थकले होते. आवाज बसलेला, पाय कापणारे. म्हणून नवा इमाम शोधायला गावोगावचे वडीलधारे निघाले. त्यांचे म्होरके होते जलालचाचा. 'पहाटेच्या नमाजीला येतो,' असा त्यांचा निरोप आला आणि इमामसाहेबांना आभाळ ठेंगणं झालं. एकदा तरी अब्बांच्या जागी उभं राहायचं, हीच तर त्यांच्या जिवाची आस होती.

पण नशीब बघा! वाटेत बैलगाडीचा कणा मोडला. पाहुणे पोचले ते थेट दुपारी, आणि लगेच त्यांना पुढच्या गावाला निघायचं होतं.

इमामसाहेबांचा चेहरा पडला. पडणार नाही तर काय! पहाटे, सांजेला आणि रात्री इमाम मोठ्याने पढतो. दुपारच्या नमाजीत मात्र सगळं ओठांतल्या ओठांत पढायचं असतं. मागच्याला चकार शब्द ऐकू येत नाही.

अजान झाली. माणसं रांगा करून उभी राहिली. इमामसाहेबांनी पुढे होऊन हात बांधले, पण मन होतं पाठीमागच्या पाहुण्यांत. 'हे आता तसेच जाणार. अब्बांची जागा हातची गेली.' याच विचारात ते पढू लागले आणि काय झालं कोण जाणे, ओठांतले शब्द खणखणीत आवाजात मशीदभर घुमले. दुपारच्या नमाजीत, बाई!

इमाम चुकला की मागच्याने 'सुभानअल्लाह' म्हणून त्याला सावध करायचं, अशी रीत आहे. पण सूर असा लागला होता, की कुणाला भानच उरलं नाही. कुरआनाच्या चांगल्या चार आयती पढून झाल्या, तेव्हा कुठे जलालचाचांच्या तोंडून 'सुभानअल्लाह' निघालं.

इमामसाहेब दचकले. आवाज बंद झाला. अरे देवा, इतकी वर्षं अल्लाहच्या दारात उभं राहून आपण ऐकत कुणाला होतो? स्वतःलाच!

नमाज तर पुरी करायलाच हवी. बाकीची त्यांनी ओठांतल्या ओठांत पढवली. भूल झाली की शेवटी दोन सजदे जास्तीचे करायचे असतात. इमामाबरोबर मागची सगळी माणसं ते करतात. इमामसाहेबांनी जमिनीला कपाळ टेकलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्या वेळी त्यांना पाहुणेही आठवले नाहीत आणि ईदगाहही नाही.

नमाज संपली. उन्हाने डोकं फिरलं, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. पण ते वळून म्हणाले, "भाईंनो, ही साधी भूल नव्हती. मी तुम्हाला ऐकवायला उभा होतो. अब्बांची जागा मला फार हवी होती. पण यंदा मला पुढे उभं करू नका."

जलालचाचांनी त्यांना जवळ ओढलं. "बेटा, सुभानअल्लाह म्हणायला मला एवढा उशीर का झाला, सांगू? मीही नमाज सोडून तुझा आवाजच ऐकत होतो. आम्ही आलोच होतो आवाज पारखायला. ते जास्तीचे सजदे तुझ्याइतकेच माझेही होते."

त्या दिवशी घरी येऊन इमामसाहेबांनी गळ्याचा रुमाल खुंटीला टांगला आणि लोणचं मागितलं. खैरुनने अख्खी बरणीच पुढे ठेवली.

ईद आली. नमाज त्याच थकलेल्या मौलवींनी पढवली. इमामसाहेब मागे, शेतकरी नि नावाड्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते.

घरी परतल्यावर खैरुनने शीरखुर्म्याची वाटी पुढे ठेवली आणि गालातल्या गालात हसत विचारलं, "मग? कसा लागला मौलवीसाहेबांचा आवाज?"

इमामसाहेब विचारात पडले.

"खरं सांगू? आवाजाकडे लक्षच गेलं नाही गं."

खैरुनचे डोळे भरून आले. "मग आज माझी खरी ईद झाली," ती म्हणाली.

आता नवरा-बायकोतलं हे बोलणं बाहेर कसं फुटलं, ते मला विचारू नका. खैरुनच्या पोटात काही राहत नसे, एवढंच सांगते. पुढच्या वर्षी जलालचाचा स्वतः गाडी जुंपून दारात आले. "चल बेटा, अब्बांची जागा तुझी वाट बघतेय," म्हणाले. या खेपेला आवाज ऐकून बघायचं कुणी नावही काढलं नाही.

तात्पर्य इतकंच, पोरांनो: नमाजीला उभं राहिलात की कोण ऐकतंय ते विसरा, कुणापुढे उभे आहात ते विसरू नका.