कुट्टक

"पण आबा, कुट्टक? हे काय नाव झालं?"

गदाधर तणतणत होता. मोठ्या आकड्यांना एकमेकांनी भागायचं, उरेल त्याने पुन्हा भागायचं, आणि आकडे अगदी चिमुकले झाले की उत्तर काढायचं. गणितातल्या या जुन्या रीतीवर त्याने ग्रंथ लिहिला होता. उद्या तो राजधानीच्या पंडितसभेत वाचायचा होता. गुरूंचा, म्हणजे आबाशास्त्र्यांचा आशीर्वाद तेवढा बाकी होता. त्यावाचून तो उंबरठा ओलांडणार नव्हता. पोरगा गर्विष्ठ खरा, पण आबांवर जीव टाकायचा!

"कुटणे, त्यावरून कुट्टक. पंडित हसतील हो! डोळ्यांपुढे खलबत्ता येतो."

"येऊ दे की."

"मी नाव बदललंय... महासूक्ष्मगणितप्रक्रिया!"

"अरे बापरे," आबा म्हणाले. "म्हणतानाच धाप लागली. विडा दे बघू आधी."

गदाधराने पान घेतलं, चुना लावला, कात घातला, सुपारीचं खांड ठेवलं. तोंडाने सभेचं वर्णन चालूच होतं. कोण कोण येणार, कोण काय विचारणार, आपण कुणाची कशी जिरवणार! बोलता बोलता त्याने विडा आबांच्या हातावर ठेवला.

आबांनी तो मुकाट्याने तोंडात घातला.

या गालातून त्या गालात नेला. पुन्हा इकडे आणला. डोळ्यांत पाणी आलं, तरी घोळवतच राहिले...

गदाधर बोलायचा थांबला. आबांच्या तोंडात एकही दात नव्हता. इतकी वर्षं रोज विडा कुटून देणारा तो, आणि आज नेमका विसरला!

"थुंका, आबा! थुंका आधी!"

त्याने धावत जाऊन कोनाड्यातला खलबत्ता आणला. नवा विडा कुटायला बसला. सुपारी आधी टणाटण उडाली, मग फुटली, मग मऊ झाली. त्याची मान वर होईना.

आबांनी बोटाने तो लालसर गोळा उचलला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"हं... आता कसं!"

गदाधराने खलबत्ता पुसून कोनाड्यात ठेवला.

"आबा... आशीर्वाद?" गदाधराचा आवाज एवढासा झाला होता.

आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस विस्कटले.

"तो कधीच दिलाय, वेड्या. तेवढं, सभेत माझ्यासारखं बोळकं कुणी बसलं असेल, तर त्याला काय देशील ते बघ."