गजराबाईचं मागणं

“…मग लेकराचा आशीर्वाद देताच कशाला, बाबा?”

भरउन्हात टेकडी चढून आलेल्या उपासनींना धाप लागली होती, तरी आवाज चढलेलाच होता. देशाचं धान्य आणि देशाची माणसं, यावर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला होता. दिल्लीत त्यांचा शब्द झेलला जाई. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी पाहणीला फिरताना त्यांच्या कानावर आलं, की इथल्या तकियात करीमशहा नावाचा म्हातारा फकीर राहतो आणि त्याच्याकडे मूल मागायला बायकांची रीघ लागते. ऐकून त्यांचं डोकंच फिरलं.

“जमीन आहे तेवढीच आहे. तोंडं मात्र वाढताहेत. परक्या मुलखातून आलेल्या लाल ज्वारीवर देश दिवस काढतोय, आणि तुम्ही…”

“खरं आहे,” फकीर म्हणाला.

उपासनी गडबडले. भांडायच्या तयारीनं आले होते ते.

“खरं आहे ना? मग बायांना सांगत का नाही?”

फकीर चटईवरून उठला, बाजूला सरला.

“बसा. आज तुम्ही सांगा.”

उपासनी बसले.

थोड्या वेळानं एक बाई वर आली. खडी फोडायच्या कामावरची. बोटांना चिंध्या बांधलेल्या. गजराबाई तिचं नाव. चटईवर कोण बसलंय हे तिनं पाहिलंही नाही, डोकं टेकलं.

“पदरात लेकरू घाला, बाबा.”

उपासनींनी घसा खाकरला. “बाई, घरात खायला काय आहे?”

तिनं दचकून वर पाहिलं. मग फकिराकडे. त्यानं मान डोलावली.

“कामावर सुकडी मिळती, सायेब. तीच.”

“ती तुलाच पुरत नसेल. त्यात आणखी एक तोंड कशाला?”

“आणखी न्हाई. एकच.”

“मुलं किती झाली तुला?”

“तीन.”

“बघा!” उपासनी फकिराकडे वळले.

बाई खाली मान घालून बोलतच होती. “थोरली गोवरानं गेली. मधला हगवणीत. धाकटीच्या वक्ताला… मलाच दूध आलं न्हाई. संक्रांतीच्या आदल्या दिशी गेली.”

रडली नाही ती. वाटेवरची गावं सांगावीत तसं सांगितलं.

उपासनी तिच्याकडे बघत राहिले. कधी हात उचलला गेला, कळलं नाही. तो तिच्या डोक्यावर टेकला होता.

गजराबाईनं डोळे मिटले. पदर सावरला. खडी फोडायची पाळी चुकायला नको म्हणून घाईनं टेकडी उतरू लागली.

उपासनी चटईवरून उठले.

“बाबा,” त्यांनी विचारलं, “‘आता लेकरं पुरे’ म्हणणारी कुणी येतच नाही का इथं?”

फकीर उतरणीकडे बघत होता.

“येतात ना… ज्यांची जगली, त्या.”